जीपी२एक्स

जीपी२एक्स हे दक्षिण कोरियातील गेमपार्क होल्डिंग्ज या कंपनीने तयार केलेले, हातात धरून खेळण्याचे व्हिडिओ गेम यंत्र आहे. ते १० नोव्हेंबर २००५ रोजी दक्षिण कोरियात विक्रीस आले. लिनक्स या मुक्त स्रोत संचालन प्रणालीवर चालणाऱ्या या यंत्रात खेळांबरोबरच चित्रपट पाहणे, संगीत ऐकणे, छायाचित्रे पाहणे आणि मजकूर वाचणे या सोयी होत्या. कोणालाही परवाना शुल्क न भरता या यंत्रासाठी आज्ञावली लिहिता येई व ती इतरांना देता येई, हे त्याचे सर्वांत महत्त्वाचे वैशिष्ट्य होय. यंत्राची क्षमता बेताची असूनही त्याचा उल्लेख आजही होतो, तो या मोकळेपणामुळे.

पार्श्वभूमी

गेमपार्क या कोरियन कंपनीने २००१ मध्ये जीपी३२ नावाचे यंत्र बाजारात आणले होते. हौशी आज्ञावलीकारांनी त्यासाठी बरेच खेळ लिहिले. पुढील यंत्र कसे असावे याविषयी कंपनीत मतभेद झाले आणि त्यातून बाहेर पडलेल्या मंडळींनी गेमपार्क होल्डिंग्ज ही वेगळी कंपनी स्थापन केली. जीपी२एक्स हे या नव्या कंपनीचे पहिले यंत्र होय.

त्या काळात निन्टेंडो डीएस आणि सोनीचे प्लेस्टेशन पोर्टेबल ही यंत्रे बाजारात आघाडीवर होती. त्या दोन्हींवर अधिकृतपणे खेळ प्रकाशित करायचा तर उत्पादक कंपनीची मान्यता आवश्यक असे. जीपी२एक्सने याच्या नेमका उलट मार्ग स्वीकारला.

यंत्ररचना

यंत्रात एमएमएसपी२ ही चिप असून तिच्यात प्रत्येकी २०० मेगाहर्ट्झ वेगाचे दोन एआरएम प्रोसेसर आहेत. त्यांपैकी एआरएम९२०टी या प्रोसेसरवर लिनक्स चालते. दुसऱ्या, म्हणजे एआरएम९४०टी या प्रोसेसरमध्ये स्मृतीचे पत्ते बदलून देणारा व्यवस्थापन विभाग नसल्याने त्यावर नेहमीचे लिनक्स चालत नाही. त्याचा उपयोग साहाय्यक म्हणून करावा लागतो.

यंत्रात ६४ मेगाबाइट कार्यकारी स्मृती आणि ६४ मेगाबाइट फ्लॅश स्मृती आहे. कार्यकारी स्मृतीचा सुमारे निम्मा भाग चित्र, ध्वनी व इतर यंत्रभागांसाठी राखून ठेवलेला असतो. पडदा ३.५ इंचांचा असून त्यावर ३२०×२४० बिंदू आहेत. खेळ, चित्रपट व गाणी एसडी कार्डावर साठवली जातात. यंत्र दोन साध्या एए सेलवर चालते. मात्र सामान्य अल्कलाइन सेल लवकर उतरत असल्याने पुन्हा भारित करता येणारे सेल वापरण्याकडे बहुतेकांचा कल असे.

त्रिमितीय चित्रांसाठी स्वतंत्र यंत्रणा यात नाही. दशांश अपूर्णांकांची गणिते थेट करणारा विभागही प्रोसेसरमध्ये नाही. म्हणून आज्ञावलीकार अपूर्णांकांना ठरावीक संख्येने गुणून ते पूर्णांकांच्या रूपात ठेवत. उदाहरणार्थ, २.५ या संख्येला २५६ ने गुणून ती ६४० अशी साठवली, तर प्रोसेसरला तिची गणिते वेगाने करता येतात. अशा युक्त्यांचा अवलंब केल्यावाचून या यंत्रावर वेगवान खेळ चालवणे कठीण होते.

संचालन प्रणाली

यंत्रात लिनक्स कर्नलची २.४ मालिकेतील आवृत्ती वापरली आहे. यंत्र सुरू केल्यावर चित्ररूप मेनू दिसतो. त्यातून खेळ, चित्रपट, संगीत, छायाचित्रे, मजकूर इत्यादी विभागांत जाता येते. खेळांच्या फाइलींना जीपीई आणि उपयुक्त साधनांच्या फाइलींना जीपीयू अशी विस्तारनावे असतात. कार्डावर ठरावीक नावाची फाइल ठेवल्यास यंत्र सुरू होताच ती आपोआप चालू होते. मूळ मेनूऐवजी स्वतः तयार केलेला मेनू वापरण्यासाठी अनेकांनी या सोयीचा लाभ घेतला.

स्मृती अपुरी असल्याने खेळ चालू असताना मेनू स्मृतीत ठेवला जात नाही. खेळ संपताना त्या खेळानेच मेनू पुन्हा सुरू करायचा, असा संकेत आहे. नवशिक्या आज्ञावलीकाराने ही ओळ लिहायची राहून गेली, तर खेळ संपल्यावर पडदा रिकामाच राही.

यूएसबी तारेने यंत्र संगणकाला जोडल्यास दोहोंमध्ये जाळे तयार होते. त्यावरून फाइलींची ने-आण करता येते, तसेच संगणकावरून यंत्रात प्रवेश करून लिनक्सच्या आज्ञाही देता येतात.

मूळ प्रणालीच्या सुधारित आवृत्त्या वेळोवेळी निघत. सुधारणा चालू असताना विद्युतपुरवठा खंडित झाला, तर यंत्र सुरूच न होण्याचा धोका असे. लिनक्सचा परवाना बदललेला स्रोतही खुला करण्याचे बंधन घालतो. आरंभी हा स्रोत उपलब्ध करून देण्यात दिरंगाई झाल्याबद्दल कंपनीवर टीका झाली होती.

माध्यमविषयक सुविधा

चित्रपट: डिव्हएक्स, एक्सव्हिड आणि एमपेग-४ या प्रकारांतील चित्रफिती यंत्रावर पाहता येतात. २०० मेगाहर्ट्झच्या प्रोसेसरला एकट्याने हे काम झेपणारे नव्हते. चिपमध्ये चित्रफिती उलगडणारा स्वतंत्र विभाग असल्यामुळे ते शक्य झाले. ७२०×४८० बिंदूंपर्यंतची चित्रफीत चालते आणि पडद्याच्या आकारानुसार लहान होऊन दिसते. विशेष तार जोडून तीच दूरचित्रवाणी संचावरही पाहता येते.

संगीत: एमपी३, ऑग व्हॉर्बिस आणि डब्ल्यूएमए या प्रकारांतील ध्वनिफिती ऐकता येतात. ऑग व्हॉर्बिस हा एकस्व शुल्कापासून मुक्त असलेला प्रकार आहे. त्या काळातील अनेक प्रसिद्ध संगीतयंत्रांवर तो चालत नसे.

छायाचित्रे व मजकूर: छायाचित्रांच्या प्रचलित प्रकारांतील फाइली पाहता येतात. साध्या मजकुराच्या फाइली वाचण्याचीही सोय आहे.

खेळ आणि आज्ञावली

यंत्रासाठी विकत मिळणारे खेळ थोडेच निघाले. मूळ अमिगा संगणकासाठी लिहिलेला ‘पेबॅक’ हा त्यांपैकी एक होय. बहुतांश साहित्य हौशी लोकांनी तयार केले. डेस्कटॉप संगणकावर सी भाषेत लिहिलेली आज्ञावली जीसीसी या मुक्त साधनाने एआरएम प्रोसेसरच्या भाषेत रूपांतरित करून कार्डावर टाकायची, अशी पद्धत होती. चित्र, ध्वनी व कळा हाताळण्यासाठी एसडीएल हा मुक्त संग्रह उपलब्ध होता. एसडीएलवर आधारलेले लिनक्सवरील अनेक खेळ त्यामुळे थोड्याफार बदलांनी येथे आणता आले.

जुन्या यंत्रांची नक्कल करणाऱ्या आज्ञावल्यांना, म्हणजे इम्युलेटरना, येथे विशेष महत्त्व आले. नाण्यांवर चालणाऱ्या जुन्या खेळांसाठी मेम, सेगा मेगा ड्राइव्हसाठी पिकोड्राइव्ह आणि जुन्या साहसकथात्मक खेळांसाठी स्कमव्हीएम ही त्यांची ठळक उदाहरणे होत. स्कमव्हीएम मात्र संपूर्ण यंत्राची नक्कल न करता खेळाच्या मूळ इंजिनाची जागा घेते. पिकोड्राइव्हने दुसऱ्या प्रोसेसरकडे ध्वनिनिर्मितीचे काम सोपवून पहिल्याचा भार हलका केला. यंत्रातील दोन प्रोसेसरांचा सुयोग्य वापर कसा करावा, याचा हा वस्तुपाठ मानता येईल.

इम्युलेटर ही आज्ञावली आणि तीवर चालणारा खेळ या कायद्याच्या दृष्टीने दोन भिन्न बाबी आहेत. इम्युलेटर मुक्तपणे वाटता आला, तरी जुन्या खेळांवरील स्वामित्वहक्क सामान्यतः कायम असतात. काही खेळ हक्कधारकांनी स्वतःच विनामूल्य केले आहेत. १९९४ मधील ‘बिनीथ अ स्टील स्काय’ हा त्यांपैकी एक असून तो स्कमव्हीएमवर चालतो.

पुढील आवृत्त्या

२००७ मध्ये एफ-२०० ही सुधारित आवृत्ती आली. तिच्यात स्पर्शपटल असून आधीच्या दांडीऐवजी दिशादर्शक कळ बसवली होती. मूळ यंत्राला तेव्हापासून एफ-१०० या नावाने ओळखले जाऊ लागले. २००९ मध्ये ५३३ मेगाहर्ट्झ प्रोसेसर आणि २.८ इंची ओलेड पडदा असलेले जीपी२एक्स विझ आणि २०१० मध्ये कानू ही यंत्रे आली. तिन्ही यंत्रांत लिनक्सच होते.

मूल्यमापन

मोकळेपणा हे जीपी२एक्सचे बळ होते आणि व्यापारी दृष्टीने तीच त्याची मर्यादाही ठरली. कोणालाही काहीही चालवता येत असल्याने मोठ्या प्रकाशन संस्थांना येथे आपले खेळ सुरक्षित वाटले नाहीत. नामांकित नवे खेळ नसल्याने सर्वसामान्य ग्राहकही फारसा वळला नाही. उलटपक्षी, बंदिस्त यंत्रांचे भवितव्य पूर्णतः उत्पादकाच्या हाती असते. जीपी२एक्ससाठी झालेले काम उत्पादन थांबल्यावरही वाया गेले नाही. पिकोड्राइव्हचा विकास पुढे चालू राहिला आणि ते इतर अनेक यंत्रांवर पोहोचले. जीपी२एक्स वापरणाऱ्यांपैकीच काहींनी पुढाकार घेऊन पँडोरा हे कळफलकयुक्त लिनक्स यंत्र तयार केले. ते २०१० पासून ग्राहकांच्या हाती पडू लागले. २०२२ मध्ये व्हॉल्व्ह कंपनीचे स्टीम डेक हे लिनक्सवर चालणारे हस्तधारी यंत्र बाजारात आले. लिनक्सवर आधारित यंत्र खेळांसाठी वापरण्याची जी कल्पना २००५ मध्ये मूठभर हौशी मंडळींपुरती मर्यादित होती, ती स्टीम डेकमुळे मोठ्या बाजारपेठेपर्यंत पोहोचली.