गॅरेजात न मावणारा घाट

एक मोटार उभी राहील एवढं, पाच मीटर लांब आणि अडीच मीटर रुंद गॅरेज घ्या आणि त्यात रेल्वे मांडायचा हिशेब करून पाहा. मॉडेल रेल्वेत जगभर सर्वाधिक चालणारं प्रमाण १:८७ हे आहे. त्याला 'एचओ' म्हणतात. या प्रमाणात खरा एक किलोमीटर साडेअकरा मीटरचा होतो. आपला सुमारे २४ मीटर लांबीचा एलएचबी डबा साडेसत्तावीस सेंटिमीटर भरतो. असे २४ डबे जोडले की गाडी साडेसहा मीटरची होते आणि दाराबाहेर येते. मॉडेल रेल्वेचा इतिहास हा बराचसा या एकाच अडचणीचा इतिहास आहे.

खेळण्यातल्या आगगाड्या १८९१ च्या आधीही होत्या. त्या वर्षी लाइपझिगच्या जत्रेत जर्मनीच्या मेर्कलिन कंपनीने नुसती गाडी न मांडता अख्खी व्यवस्था मांडली. रुळांमधल्या अंतराला, म्हणजे गेजला, क्रमांक दिले. त्यामुळे आज गाडी, पुढच्या वर्षी सांधे, त्यानंतर स्थानक असं एकाच मापात वाढवत नेणं शक्य झालं. वाढणाऱ्या खेळण्याला मात्र जागाही वाढती लागते. १ नंबरचं गेज सुमारे ४५ मिलिमीटरचं होतं. त्याला ऐसपैस दिवाणखानाच हवा. मग ३२ मिलिमीटरचं शून्य गेज लोकप्रिय झालं. १९३५ मध्ये मेर्कलिन आणि ट्रिक्स यांनी त्याच्याही निम्म्या, साडेसोळा मिलिमीटरच्या गाड्या आणल्या आणि रेल्वे जेवणाच्या टेबलावर मावू लागली. १९६० च्या दशकात ९ मिलिमीटर आलं, १९७२ मध्ये साडेसहा. घरं जशी आखडली तसे रूळ आखडत गेले.

हे आखडणं दर वेळी सरळ गणिताने झालं नाही. ब्रिटनमधली इंजिनं युरोप खंडातल्या इंजिनांपेक्षा अंगाने लहान. १:८७ च्या इंजिनात त्या काळची मोटर बसेना, म्हणून ब्रिटिशांनी इंजिन १:७६ केलं आणि रूळ मात्र साडेसोळाचेच ठेवले. खरं तर तिथे १८.८३ मिलिमीटर हवे होते. या सव्वादोन मिलिमीटरच्या खोटेपणावर पुढे पिढ्यान्‌पिढ्या वाद झाले. काहींनी अचूक मापाचे रूळ हाताने घडवले. बहुतेकांनी दुकानातले आणून त्यावर गाड्या पळवल्या.

रुंदी कमी झाली तरी लांबीचं काय? त्याचं उत्तर नाटकाच्या रंगमंचासारखं निघालं. फलाट, सिग्नल, थोडा मार्ग एवढंच प्रेक्षकांसमोर. त्यापुढे पूल किंवा बोगदा. आणि त्याच्या आड 'फिडल यार्ड' नावाचे लपवलेले रूळ. गाडी तिकडे गेली की ती दूरच्या गावी गेली असं समजायचं. सिरिल फ्रीझर यांनी १९५७ मध्ये 'मायनोरीज' हा शहरी टर्मिनसचा आराखडा दिला, तो सात फुटांच्या आत बसतो. दिसतं ते एकच स्थानक, पण गाड्यांची ये-जा दिवसभर करता येते. टर्मिनस असल्याने आलेल्या गाडीला दुसऱ्या टोकाने इंजिन लावावं लागतं आणि खेळणाऱ्याचे हात रिकामे राहत नाहीत.

काय दाखवायचं याचा वेगळा विचार रॉय इंग्लंड या ऑस्ट्रेलियातून आलेल्या माणसाने केला. इंग्लंडच्या खेड्यांतली गवती छपरांची घरं डोळ्यांदेखत बदलत होती, म्हणून ती मोजून, टिपून त्यांच्या प्रतिकृती करायच्या असं त्याने ठरवलं. १९५४ मध्ये लाँग विटनम गावी सुरू झालेलं पेंडन संग्रहालय हे त्याचं फळ. तिथे रेल्वे आहे, पण ती एका हरवलेल्या मुलखातून जाते.

आपल्याकडे पुण्यात, कोथरूडला, भाऊ जोशी यांच्या छंदातून उभं राहिलेलं संग्रहालय १९९८ पासून लोक पाहतात. तिथलं छोटं शहर कल्पित आहे. खरं ठिकाण घ्यायचं म्हटलं तर मराठी माणसाच्या मनात पहिला येईल भोर घाट. पण गॅरेजातला हिशेब इथे पारच कोलमडतो. १८६३ मध्ये खुला झालेला हा मार्ग सुमारे २४ किलोमीटरमध्ये साडेपाचशे मीटरहून जास्त चढतो. एचओमध्ये तो पावणेतीनशे मीटर लांब आणि सहा मीटरहून उंच होईल. शिवाय आपलं १६७६ मिलिमीटरचं ब्रॉडगेज साडेसोळाच्या रुळांवर पावणेतीन मिलिमीटर अरुंदच दिसणार.

मात्र हा घाट बांधणाऱ्यांपुढेही जागेचाच प्रश्न होता. डोंगराच्या धारेवर गाडी वळवायला वाव नव्हता, म्हणून खंडाळ्याजवळ रिव्हर्सिंग स्टेशन केलं. गाडी टोकाशी थांबे, इंजिन सुटून दुसऱ्या बाजूला लागे आणि गाडी उलट तोंडाने पुढचा चढ धरी. फ्रीझरच्या टर्मिनसमध्ये जे चालतं तेच इथे उघड्या डोंगरावर चालत होतं. १९२९ मध्ये मार्ग बदलला आणि हे स्टेशन बंद पडलं. ज्या घाटासाठी हजारो मजुरांनी जीव गमावला, त्यातला हा भाग आता गाडीच्या खिडकीतून अनुभवता येत नाही.

अख्खा घाट गॅरेजात येणार नाही. ते एक स्टेशन मात्र येईल: दोन्ही मार्ग एकाच बाजूने येऊन मिळतात ते टोक, एका बाजूला कडा, दुसरीकडे दरी आणि चढणीच्या दोन्ही वाटांवर एकेक बोगदा, आड लपवलेल्या रुळांसाठी. गेज थोडं चुकलं तरी चालेल. इंजिन पुढून सोडवून मागे लावण्याची ती क्रिया मात्र पुन्हा घडताना दिसेल.