पंच आधी, पुस्तक नंतर

रोल-प्लेइंग खेळाच्या, म्हणजे प्रत्येकाने एकेक पात्र होऊन खेळायच्या खेळाच्या टेबलावर कुणी पुस्तक उघडून ‘नियमात असं लिहिलंय’ म्हणालं, की मी त्याला प्रशियाची गोष्ट ऐकवतो. तिथल्या तोफखान्यातल्या राइसविट्झ नावाच्या लेफ्टनंटने 1824 साली ‘क्रीगश्पील’ हा युद्धाचा खेळ छापला. 1:8000 चा नकाशा, पलटणींचे ठोकळे, फासे आणि दोन्ही पक्षांच्या मध्ये एक पंच. खेळाडूंनी हुकूम सोडायचे, पंचाने तक्ते पाहून नुकसान मोजायचं. पुढे अधिकाऱ्यांना या तक्त्यांचा वीट आला. 1876 मध्ये व्हेर्डी द्यु व्हेर्नुआने सरळ सांगून टाकलं, की तक्ते आणि फासे बाजूला ठेवा; लढाई पाहिलेला पंच म्हणेल तो निकाल.

हा पंच आमच्या खेळात शिरला तो अमेरिकेत, टॉटनच्या ‘स्ट्रॅटेगॉस’ या 1880 च्या पुस्तकामार्फत. मिनेसोटातल्या डेव्हिड वेझलीला ते ग्रंथालयात सापडलं. खेळाडूने काहीही करून पाहावं आणि पंचाने निकाल द्यावा, ही त्यातली कल्पना त्याने उचलली. 1969 मध्ये त्याने ब्राउनश्टाइन नावाचं काल्पनिक जर्मन गाव मांडलं आणि एकेकाला सैन्याऐवजी एकेक माणूस दिला. लढाई राहिली बाजूला. मंडळी कोपऱ्यात जाऊन कटकारस्थानं करू लागली. वेझलीला वाटलं, खेळ पार फसला. खेळाडू मात्र पुन्हा कधी म्हणून मागे लागले. त्यांतल्याच डेव्ह आर्नसनने पुढे ब्लॅकमूरचा किल्ला आणि त्याखालची भुयारं रचली.

आर्नसन आणि गॅरी गायगॅक्स यांचं ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ जानेवारी 1974 मध्ये आलं. पहिल्या 1000 प्रती, एका खोक्यात तीन लहान पुस्तिका. लढाईसाठी ‘चेनमेल’ हे वेगळंच पुस्तक हाताशी धरायला सांगितलेलं, आणि ते अनेकांकडे नव्हतंच. मग प्रत्येक गावाने आपापली डागडुजी केली. ते पुस्तिकेला मंजूरच होतं. प्रस्तावनेतच हे नियम म्हणजे मार्गदर्शक सूचना आहेत असं म्हटलंय.

पाच वर्षांत तोच गायगॅक्स बदलला. ‘अॅडव्हान्स्ड’ आवृत्तीचं ‘डंजन मास्टर्स गाइड’, म्हणजे पंचासाठीचं पुस्तक, 1979 मध्ये निघालं, आणि नियम बदलून खेळणारे हा खेळ खेळतच नाहीत, असं तो मासिकातून बजावू लागला. कारण उघड आहे: स्पर्धेत दहा टेबलांवर एकच साहस गुण देऊन खेळवायचं, तर दहाही पंचांचे निकाल जुळायला हवेत. धंद्याचाही प्रश्न होता. घरोघरी वेगळा खेळ झाला, तर गायगॅक्सच्या कंपनीची पुस्तकं कोण घेणार?

म्हणून पुस्तक उघडणाऱ्याला मी त्याच 1979 च्या ग्रंथाचा उपसंहार वाचायला देतो. नियमांच्या शब्दापेक्षा खेळाचा आत्मा महत्त्वाचा, असं तिथे खुद्द गायगॅक्सनेच लिहून ठेवलंय.