झाडावरच्या खुणा, हक्काचा पुरावा

जंगल वाचवायचे तर माणसांना बाहेर काढा, असे सांगितले जाते. इतिहास वेगळे सांगतो. कॅनडाच्या पश्चिम किनाऱ्यावरील मीअर्स बेटावर मॅकमिलन ब्लोडेल कंपनी जुने सीडार वृक्ष तोडणार होती. १९८४ मध्ये तिथल्या त्ला-ओ-क्वी-आट आदिवासींनी बेट ‘ट्रायबल पार्क’ जाहीर केले, तोड अडवली आणि न्यायालयात हक्क मागितला. वस्त्र, दोर, टोपल्यांसाठी पूर्वजांनी साल सोलली होती. झाड मात्र जिवंत ठेवले होते. त्या खुणाच त्यांच्या वहिवाटीचा पुरावा ठरल्या. १९८५ मध्ये अपील न्यायालयाने हक्काचा निकाल लागेपर्यंत तोड थांबवली. म्हणजे सीडार वाचले ते जंगल निर्मनुष्य होते म्हणून नव्हे. ते वापरणारे, जपणारे लोक संघटित होऊन लढले म्हणून. हक्क नाकारून केलेले संवर्धन हे विस्थापनाचेच दुसरे नाव आहे.