हौशी म्हणायचं कुणाला?

दर फेब्रुवारीत आम्ही बारा मित्र दोन दिवस गोल्फ खेळायला जातो, हे आता घरात सगळ्यांना माहीत झालंय. तिथे जाऊन आम्ही नेमकं काय करतो, हे मात्र कुणालाच नीटसं माहीत नाही. मुरुमच्या काकांचं मत आहे की गोल्फ हे निमित्त, जेवण हा कार्यक्रम. काकांशी वाद घालायची आमच्या घरात पद्धत नाही :-)

तर थोडक्यात सांगतो. कॉलेजच्या होस्टेलवरचे आम्ही बारा जण. चौदा वर्षांपूर्वी त्यातल्या दोघांना ऑफिसमुळे या खेळाची चटक लागली आणि त्यांनी बाकीच्यांना ओढलं. शनिवारी अठरा होल, रविवारी अठरा होल. जिंकणाऱ्याला तांब्या. खराखुरा तांब्या, मुरुमच्या बाजारातून मीच नेलेला. त्यावर दर वर्षी विजेत्याचं नाव कोरून घेतो. आता बुडाकडे जेमतेम दोन नावांची जागा उरलीय.

आमच्यात एक जण खरोखर चांगला खेळतो आणि तिघं जण चेंडूपेक्षा माती जास्त उडवतात. तरी तांब्या दर वर्षी नव्या माणसाकडे जाऊ शकतो, कारण हँडिकॅप. समजा मैदानाचा पार ७२ आहे आणि माझा हँडिकॅप १८. मी ९० फटके घेतले, तर १८ वजा जाऊन माझे ७२ धरले जातात. म्हणजे दुबळ्याला आधीच सवलत, आणि मग ज्याचा दिवस चांगला तो जिंकतो. हा शब्दही मजेशीर आहे. इंग्लंडमध्ये सतराव्या शतकात वस्तूंच्या अदलाबदलीचा एक खेळ असे, त्यात पैजेचे पैसे टोपीत ठेवत. 'टोपीत हात' यावरून हँडिकॅप. म्हणजे शब्दाच्या मुळाशीच पैसा आहे. हे मुद्दाम लिहितोय, कारण पुढचा सगळा विषय पैशाचाच आहे.

या वर्षी ग्रुपमध्ये एक वाद निघालाय. गेली सहा वर्षं आमच्याबरोबर एक कॅडी असतो. पंचविशीतला मुलगा. वारा कुठून आहे, चेंडू कुठे पडून किती पळेल, हे तो न बघता सांगतो. सोमवारी मैदान बंद असतं तेव्हा कॅडींना खेळायला मिळतं, आणि तेव्हा तो जे फटके मारतो ते आमच्या बारा जणांपैकी एकालाही जमणारे नाहीत. एक मित्र म्हणाला, यंदा त्यालाही खेळवू या. लगेच दुसरा म्हणाला, "अरे, ही हौशी लोकांची स्पर्धा आहे. त्याचं ते पोट आहे." ग्रुपवर तीन दिवस हेच चाललं. मला मात्र तो 'हौशी' शब्द डोक्यातून जाईना, म्हणून जरा मागे जाऊन बघितलं.

मित्रांनी वर्षातून एकदा जमून बक्षिसासाठी गोल्फ खेळायचा, याची जुनी नोंद सापडते ती १७४४ ची. एडिंबरा शहराने चांदीची एक गोल्फची काठी बक्षीस म्हणून दिली आणि लीथच्या मैदानावर स्पर्धा झाली. त्यासाठी १३ नियम लिहून काढले, तेच गोल्फचे सर्वात जुने लिखित नियम. जिंकला जॉन रॅट्रे नावाचा एक शल्यवैद्य. पुढच्याच वर्षी स्कॉटलंडमध्ये बंड झालं, रॅट्रे बंडखोरांच्या बाजूने गेला आणि १७४६ च्या कलोडनच्या लढाईनंतर पकडला गेला. त्याच्यासाठी शब्द टाकला तो डंकन फोर्ब्जने. फोर्ब्ज सरकार पक्षाचा, मोठा न्यायाधीश, पण लीथच्या मैदानावरचा त्याचा सोबती. रॅट्रे सुटला. सोबत खेळलेल्या माणसांचं असं काहीतरी नातं तयार होतं खरं.

पण त्या काळात 'हौशी' आणि 'धंदेवाईक' अशी कागदावरची भिंत नव्हती. ती आली १८८५ मध्ये. त्या वर्षी इंग्लंडमध्ये हॉयलेकला फक्त हौशी खेळाडूंची स्पर्धा भरवायचं ठरलं आणि पहिल्यांदा प्रश्न पडला, हौशी म्हणजे कोण? डग्लस रोलंड नावाचा एक गवंडी, दगड घडवणारा माणूस, आदल्या वर्षी ओपन स्पर्धेत दुसऱ्या जागी बरोबरीत आला होता आणि त्याने बक्षिसाचे पैसे घेतले होते. त्याचा प्रवेश नाकारला. गंमत पुढे आहे. हॉयलेकचाच जॉन बॉल, तिथल्या हॉटेलमालकाचा मुलगा, यानेही लहान वयात १८७८ च्या ओपनमध्ये बक्षिसाचे थोडे शिलिंग घेतले होते. पण ते जुनं झालं म्हणून त्याला खेळू दिलं. पुढे बॉल मोठा खेळाडू झाला, ही हौशी स्पर्धा त्याने आठ वेळा जिंकली आणि १८९० मध्ये ओपनही जिंकली, म्हणजे त्याची लायकी होतीच. पण गवंड्याचे पैसे ताजे आणि हॉटेलवाल्याच्या मुलाचे शिळे, हा हिशेब बघितला की भिंत कुणासाठी बांधली ते कळतं.

अमेरिकेत तर कॅडीच अडवला. फ्रान्सिस विमेट नावाचा मुलगा बोस्टनजवळच्या ब्रुकलाइनच्या मैदानासमोर राहायचा आणि तिथेच कॅडीचं काम करायचा. सोळाव्या वर्षानंतर हे काम पैसे घेऊन केलं तर माणूस हौशी राहत नाही, असा तेव्हा नियम होता. म्हणून त्याने सोळाव्या वर्षी ते सोडलं. १९१३ मध्ये, वीस वर्षांचा असताना, त्याने त्याच मैदानावर व्हार्डन आणि रे या नावाजलेल्या ब्रिटिश व्यावसायिकांना हरवून यू. एस. ओपन जिंकली. त्याची बॅग उचलायला होता दहा वर्षांचा एक पोरगा. तीन वर्षांनी विमेटने खेळाच्या सामानाचं दुकान काढलं, तर १९१६ मध्ये त्याचं हौशीपण काढून घेतलं. १९१८ मध्ये परत दिलं. दुकान चालवलं म्हणून हौस संपते, हे ऐकून आमच्या मुरुमच्या पेठेतले दुकानदार पोट धरून हसतील.

आपल्याकडेही हा खेळ लवकरच आला. कलकत्त्याचा रॉयल क्लब १८२९ चा, ब्रिटिश बेटांबाहेरचा सर्वात जुना. मुंबईचा १८४२ चा. मुंबईच्या या क्लबाने १८४० च्या दशकात सेंट अँड्र्यूजच्या क्लबाला एक चांदीचं पदक भेट दिलं, ते 'बॉम्बे मेडल' म्हणून ओळखलं जातं. भारताची हौशी अजिंक्यपद स्पर्धा १८९२ मध्ये कलकत्त्याला सुरू झाली.

महाराष्ट्रात गाव सोडून गोल्फला जायचं ठिकाण म्हणजे नाशिक. ब्रिटिश काळात तिथे रॉयल वेस्टर्न इंडिया गोल्फ क्लब होता. 'वेस्टर्न इंडिया' या नावावरूनच दिसतं की तो एका गावापुरता क्लब नव्हता. १८६५ मध्ये रेल्वे थळ घाट चढून आली होती आणि १८८९ पासून स्टेशन ते शहर घोड्यांची ट्रामही होती. साहेबाला दोन दिवस सवंगड्यांबरोबर काढायला हवा छान, सोय छान. बॅगा उचलणारे आणि झुडपातून चेंडू काढून आणणारे मात्र आसपासच्या वस्तीतलेच असणार. ते तिथे होते, पण स्पर्धेत नव्हते.

याच नाशिकात २१ डिसेंबर १९०९ ला, विजयानंद थिएटरात 'शारदा' नाटकाच्या वेळी, अनंत कान्हेरे या तरुण मुलाने कलेक्टर जॅक्सनवर गोळ्या झाडल्या. १९ एप्रिल १९१० ला त्याला ठाण्याच्या तुरुंगात फाशी झाली. आज शहरातलं गोल्फ क्लब मैदान अधिकृतपणे हुतात्मा अनंत कान्हेरे मैदान आहे. तिथे रणजीचे सामने झालेत आणि सकाळ-संध्याकाळ सगळं नाशिक फिरायला येतं. लोकांच्या तोंडी अजून 'गोल्फ क्लब'च आहे, पण गोल्फ नाही. जिथे कॅडी फक्त बॅग घेऊन येऊ शकत होता, तिथे आता कुणीही चप्पल काढून गवतावर बसतो. मला हा बदल फार आवडतो.

आमच्या मुरुमला यातलं काहीच आलं नाही. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत आम्ही निजामाच्या राज्यात, सोलापूर-हैदराबाद रस्त्यापासून जरा आत, निम्मं मराठी निम्मं कानडी बोलणारे. पाऊस बेताचा. भारतात पाणी नसलेल्या ठिकाणी गोल्फचे 'ग्रीन' हिरवे नसत, तेल मिसळलेल्या वाळूचे असत आणि त्यांना 'ब्राऊन' म्हणत. मित्र मला चिडवतात की तुझ्या गावाला मैदान काढलं तर त्याचं नाव आपोआपच मुरूम.

पण वर्षातून एकदा जमून खेळायचं, ते आमच्याकडेही आहे. जत्रेच्या शेवटच्या दिवशी कुस्त्यांचा फड. आधी पोरासोरांच्या नारळावरच्या आणि रेवड्यांवरच्या कुस्त्या, मग शेकड्यावरच्या, मग हजारावरच्या, आणि दिवस मावळताना शेवटची मोठी कुस्ती. हलगी वाजत असते. पंच दोघांना उभे करून अंगापिंडाने सारखे आहेत का ते बघून जोड लावतात. आमचा हँडिकॅप तो हाच. गोल्फमध्ये विषम माणसं घेऊन वजाबाकीने सारखी करतात, फडात सारखी माणसं शोधून समोरासमोर आणतात.

इनामाचा पैसा येतो वर्गणीतून. कुणी किती दिले ते भोंग्यावर पुकारतात. आणि जिंकणारा पैलवान ते इनाम उघडपणे, फेटा बांधून, सगळ्यांसमोर घेतो. त्याने पैसे घेतले म्हणून त्याची हौस कमी झाली, असं फडातल्या एकाही माणसाच्या मनात येत नाही. उलट पैसे नसतील तर खुराक कुठून करणार? गोल्फच्या नियमात हौशी म्हणजे ज्याला पैशाची गरज नाही तो. फडात हौस असते ती गावाची, आणि पैलवान ती पुरी करतो. गाव पैसे देतं, कारण हौसेला मोल नाही.

खाशाबा जाधवांचं उदाहरण तर सगळ्यांना माहीत आहे. १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये त्यांनी कुस्तीत कांस्यपदक जिंकलं, स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक पदक. ऑलिंपिक तेव्हा काटेकोर हौशी लोकांचं. पण हा हौशी माणूस हेलसिंकीला पोचला तो गोळेश्वरच्या आणि कऱ्हाडच्या आसपासच्या लोकांनी काढलेल्या वर्गणीवर आणि कोल्हापूरच्या प्राचार्य खर्डेकरांनी घर गहाण ठेवून दिलेल्या पैशावर. हौशी शब्दाचा विलायती अर्थ धरला असता, तर खाशाबांनी घरीच बसायला हवं होतं.

मुळात 'अमेच्युअर' म्हणजे प्रेम करणारा, लॅटिनमधून फ्रेंच मार्गे आलेला शब्द. आपली 'हौस' अरबी-फारसीतून आलेली, अर्थ तीव्र इच्छा. दोन्ही शब्दांत पैशाचा उल्लेख नाही. तो नंतर घुसला.

गोल्फलाही हे उशिरा का होईना कळलं. १९६५ ची इंडियन ओपन बिल्लू सेठींनी हौशी म्हणून जिंकली. ती जिंकणारा पहिला भारतीय व्यावसायिक अली शेर, १९९१ मध्ये आणि मग १९९३ मध्ये. हा दिल्लीत कॅडीचं काम केलेला माणूस. २०१६ आणि २०१७ ची जिंकली चौरासियांनी, त्यांचे वडील कलकत्त्याच्या रॉयल क्लबात गवत राखायचे. २०२२ पासून हौशीपणाचे नियमही सुटसुटीत झाले. कॅडीचं काम केल्याने आज कुणाचं हौशीपण जात नाही. म्हणजे आमच्या मित्राचा "त्याचं ते पोट आहे" हा मुद्दा खुद्द गोल्फच्या नियमातच उरलेला नाही.

राहिला बक्षिसाचा प्रश्न. नवीन नियमात हँडिकॅपच्या स्पर्धेत रोख बक्षीस घेतलं तर हौशीपण जातं. हँडिकॅप न धरता खेळलं तर ठरावीक मर्यादेपर्यंत रोखही चालतं. म्हणून मी ग्रुपवर असं मांडलंय. तांब्या हँडिकॅपवरच राहू दे. शिवाय हँडिकॅपशिवायची एक वेगळी कुस्ती लावू या, आमच्यातल्या सर्वात चांगल्या खेळाडूची आणि त्या मुलाची जोड. इनाम वर्गणीतून, कुणी किती दिले ते जेवणाच्या वेळी मोठ्याने वाचून दाखवायचं. त्या दोन दिवसांची त्याची मजुरी वेगळी, ती खेळला म्हणून बुडता कामा नये. क्लबाची परवानगी काढायची जबाबदारी माझी. आणि या सगळ्याच्या आधी त्यालाच विचारायचं, तुला खेळायचंय का? कदाचित तो म्हणेल, त्यापेक्षा मला सुट्टी द्या. तेही चालेल, हौस त्याची आहे.

आत्तापर्यंत सहा जण हो म्हणालेत, तिघं नाही, दोघांनी नुसता अंगठा दाखवलाय, त्याचा अर्थ काय ते विचारतोय. मुरुमच्या काकांना फोनवर हे सगळं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "माझे पाचशे एक लिही."