दुष्काळ, अतिवृष्टी आणि बाजारभाव : परभणीच्या शेतीची तिहेरी तयारी

परभणी जिल्ह्यातील शेती प्रामुख्याने पावसावर अवलंबून आहे. जायकवाडीचा डावा कालवा, येलदरी आणि निम्न दुधना प्रकल्प यांमुळे काही क्षेत्रास पाणी मिळते. परंतु धरणे भरली तरच. २०१५ मध्ये मराठवाड्याने तीव्र दुष्काळ सोसला, तर सप्टेंबर २०२४ च्या आरंभी याच जिल्ह्यात अतिवृष्टीने उभी पिके पाण्याखाली गेली. त्यामुळे केवळ एका संकटाची तयारी पुरेशी नाही. लागोपाठ दोन हंगाम बिघडले तरी कुटुंब कर्जात बुडू नये, हे नियोजनाचे उद्दिष्ट असावे.

ओलावा आणि निचरा
जिल्ह्यातील भारी काळी जमीन ओल धरते, पण पाणी साचल्यास पिकांची मुळे गुदमरतात. रुंद वरंबा सरी पद्धत दोन्ही प्रसंगी उपयोगी पडते. पावसाचा खंड पडल्यास सरीत मुरलेले पाणी पिकाला मिळते. पाऊस जास्त झाल्यास त्याच सरीतून पाण्याचा निचरा होतो. शेततळे असल्यास शेंगा भरताना एखादे संरक्षित पाणी देता येते.

पीकरचना
सर्व क्षेत्र एकाच पिकाखाली ठेवणे धोक्याचे आहे. सोयाबीनच्या चार ओळींनंतर तुरीच्या दोन ओळी, ही शिफारस त्यासाठीच आहे. सोयाबीन लवकर निघते. तुरीची मुळे खोल जाऊन उशिरापर्यंत ओल घेतात. रब्बीत ज्वारी घेतल्यास धान्याबरोबर जनावरांना कडबाही मिळतो. कापसाबाबत २०१७ चा गुलाबी बोंडअळीचा प्रादुर्भाव विसरता येणार नाही. फरदड न ठेवता डिसेंबरअखेर पीक काढावे.

घरचे बियाणे
सोयाबीन स्वपरागसिंचित असल्याने सरळ वाणाचे बियाणे दोन-तीन वर्षे घरी राखता येते. पेरणीपूर्वी शंभर दाणे ओल्या गोणपाटात ठेवून उगवण तपासावी. सत्तर किंवा अधिक दाणे उगवले तर बियाणे योग्य समजावे. पेरणी ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्यावरच करावी. दुबार पेरणीचा खर्च वाचतो.

खर्चाचा हिशेब
समजा, सोयाबीनचा एकरी खर्च २०,००० रुपये आहे. पाच क्विंटल उत्पादन झाल्यास क्विंटलमागे खर्च ४,००० रुपये येतो. चारच क्विंटल झाल्यास तो ५,००० रुपये होतो, म्हणजे २०२४-२५ च्या ४,८९२ रुपये हमीभावापेक्षाही अधिक. एका क्विंटलच्या घटीने नफ्याचे तोट्यात रूपांतर होते. म्हणून बियाणे, खत, फवारणी, मजुरी आणि घरच्या माणसांचे श्रम यांची नोंद वहीत असावी. कोणता खर्च कमी करता येईल, हे त्यातूनच कळते.

विक्री आणि विमा
२०२१ मध्ये काही बाजारांत सोयाबीनचा भाव क्विंटलला १०,००० रुपयांवर गेला होता. २०२४ मध्ये तो हमीभावाखाली राहिला. चढ्या भावाचे वर्ष गृहीत धरून कर्ज काढू नये. काढणीच्या गर्दीत विकण्याऐवजी कृषी पणन मंडळाच्या शेतमाल तारण योजनेचा विचार करावा. सोयाबीन, तूर आदी मालाच्या किमतीच्या ७५ टक्क्यांपर्यंत कर्ज मिळते. माल मात्र वाळवून, स्वच्छ करून ठेवावा. खरीप २०२३ मध्ये सुरू झालेला एक रुपयातील पीकविमा खरीप २०२५ पासून बंद झाला. आता हप्त्याची रक्कमही अंदाजपत्रकात धरावी लागते.

विद्यापीठाचा आधार
१९७२ मध्ये स्थापन झालेल्या परभणीच्या कृषी विद्यापीठास २०१३ पासून वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठ असे नाव आहे. १८ मे या स्थापनादिनी खरीप शेतकरी मेळावा भरविण्याची तेथे परंपरा आहे. मेळाव्यास जाताना मागील हंगामाची वही सोबत न्यावी. आपली जमीन, पाणी आणि खर्च समोर ठेवून विचारलेल्या प्रश्नाला तज्ज्ञांकडून नेमके उत्तर मिळते, आणि मृगापूर्वी नियोजनात बदल करण्यास अवधीही उरतो.