पाच सेंटांत समुद्र

आपल्या मंडळातील पुष्कळ भगिनी आता मुलांकडे म्हणून अमेरिकेला येतात. कोणी न्यू जर्सीत उतरते, कोणी आणखी कोठे. पण न्यू यॉर्क पाहिल्यावाचून कोणी परत जात नाही. मुले-सुना दिवसभर कामावर, तेव्हा पाहुण्यांना शहर दाखविण्याचे काम ब्रुकलिनमध्ये राहणाऱ्या माझ्यासारख्या रिकाम्या बाईकडे आपसूक येते. गेली काही वर्षे मी ते हौसेने करीत आहे. स्वातंत्र्यदेवीचा पुतळा आणि उंच इमारती सर्वांच्या यादीत असतातच. त्यात मी आपली एक भर घालते, ती कोनी आयलंडची. "तिथे काय आहे? जुनी जत्रा!" असे घरची मुले म्हणतात. जत्रा आहे हे खरे. पण ह्या शहरातील गरिबाला समुद्र कसा मिळाला, त्याचा इतिहास तेथे जितका उघड्यावर पडला आहे तितका दुसरीकडे कोठे नाही. सोबतीच्या काकू-वहिनींना जे सांगते, तेच येथे लिहून काढते.

आरंभ समुद्रापासून नव्हे, आगगाडीपासून करावा लागतो. कोनी आयलंड हे ब्रुकलिनच्या दक्षिण टोकाचे वाळूचे बेट. मधली खाडी पुढे बुजली आणि बेट नावापुरते उरले. मॅनहॅटनहून क्यू गाडीत बसले की ती पूल ओलांडून ब्रुकलिनमध्ये येते आणि जुन्या ब्रायटन मार्गाने दक्षिणेस निघते. हा मार्ग 1878 साली घातला तो गरिबांसाठी नव्हे. ब्रायटन बीच हॉटेल नावाचे भव्य हॉटेल त्याच साली उघडले. त्याच्या गिऱ्हाइकांना आणण्यासाठी हा खटाटोप. शेजारीच मॅनहॅटन बीचवर ऑस्टिन कॉर्बिन नावाच्या धनिकाने आदल्या वर्षी असेच हॉटेल उठविले होते आणि त्याचीही स्वतःची आगगाडी होती. ह्याच कॉर्बिनने 1879 साली आपल्याकडे ज्यू लोकांनी येऊ नये असे उघड जाहीर केले. म्हणजे समुद्र एकच. पण रूळ ज्याचे, किनारा त्याचा.

मौजेची गोष्ट अशी की, समुद्राने ह्या थोरामोठ्यांचीही भीड धरली नाही. लाटा वाळू खात खात ब्रायटन हॉटेलाच्या पायापर्यंत आल्या. तेव्हा 1888 साली ती अख्खी लाकडी इमारत मालडब्यांवर उचलून धरली आणि सहा इंजिने लावून मागे ओढून नेली. हे सांगितले की पाहुण्या माझ्याकडे संशयाने पाहतात. पण गोष्ट खरी आहे.

वाटेत प्रॉस्पेक्ट पार्क स्टेशन लागते. तेथे मी थोडे गंभीर बोलते. 1 नोव्हेंबर 1918 रोजी संध्याकाळी, कामगार घरी परतण्याच्या वेळी, ह्या स्टेशनाजवळच्या बोगद्याच्या तीव्र वळणावर एक गाडी रुळांवरून उतरली. डबे लाकडाचे, ते काड्यांसारखे मोडले. नव्वदाहून अधिक माणसे गेली. चालकांचा संप चालू होता, म्हणून कंपनीने कचेरीतील एका माणसाला नाममात्र शिकवून गाडीवर बसविले होते. वळणावर ताशी सहा मैलांची मर्यादा असता गाडी त्याच्या कितीतरी पट वेगात होती. इन्फ्लुएन्झाच्या साथीत त्या माणसाचे तान्हे मूल नुकतेच दगावले होते. खटले झाले, कोणालाही शिक्षा झाली नाही. रस्त्याचे माल्बोन हे नाव मात्र लोकांना ऐकवेना, म्हणून ते बदलून एम्पायर बुलवार्ड केले. नाव बदलणे सर्वांत स्वस्त, नाही का?

आता भाड्याची गोष्ट. न्यू यॉर्कची भुयारी गाडी 1904 साली सुरू झाली ती पाच सेंट भाड्याने, आणि हे भाडे 1948 पर्यंत, म्हणजे दोन महायुद्धे उलटून गेली तरी, पाचच सेंट राहिले. परंतु कोनी आयलंडला जावयाचे तर दुप्पट, दहा सेंट पडत. 1920 साली मे महिन्यात ती वाढीव आकारणी गेली. समुद्रापर्यंत पाच सेंट, परत यावयास पाच सेंट! शिवणकामाच्या कारखान्यांत राबणाऱ्या मुली, खोल्यांत दाटीवाटीने राहणारी इटालियन आणि ज्यू कुटुंबे, ज्यांना कॉर्बिनसाहेबांच्या हॉटेलाची पायरी चढता आली नसती, ती सर्व रविवारी येथे लोटली. उन्हाळ्यातल्या एखाद्या दिवशी दहा लाख माणसे किनाऱ्यावर आली असे आकडे वर्तमानपत्रे देऊ लागली. आकडा कोणी मोजला होता देव जाणे. पण वीजी नावाच्या छायाचित्रकाराने 1940 च्या जुलैत काढलेले चित्र पाहिले तर वाळूचा कण दिसत नाही, नुसती डोकी!

मुलींच्या दृष्टीने ह्याचे मोल निराळेच होते. पगार आईच्या हाती द्यावयाचा, घरात स्वतःचा कोपरा नाही, भावाला मिळते ती मोकळीक आपल्याला नाही. अशा मुलीला मैत्रिणीबरोबर एक दिवस कोणाची परवानगी न मागता हिंडता यावे, एवढे त्या नाण्यात होते. आपल्या आज्यांना हे कळले असते.

पण गाडीतून उतरले म्हणजे समुद्र मिळालाच असे नव्हे. किनाऱ्याचा मोठा भाग खाजगी मालकांनी कुंपणे घालून अडविला होता. स्नानगृहाचे पैसे भरा, मग पाण्यात जा. नगरपालिकेने वाळू ओतून किनारा रुंद केला आणि 1923 साली 80 फूट रुंदीची लाकडी फळ्यांची फिरण्याची वाट बांधली, तेव्हा किनारा खऱ्या अर्थाने सार्वजनिक झाला. त्या फळ्यांवर पाऊल ठेवताना मी पाहुण्यांना म्हणते, "वहिनी, इथे तिकीट नाही बरं का!" त्यांना त्याचे विशेष वाटत नाही. आपल्याकडे चौपाटीला तिकीट कधी होते!

जत्रेचे म्हणावे तर येथे तीन मोठी मनोरंजन-उद्याने होती. पहिले स्टीपलचेस, 1897 सालचे, जॉर्ज टिल्यू ह्यांचे. हा गृहस्थ मोठा कल्पक. शिकागोच्या 1893 च्या प्रदर्शनातला प्रचंड पाळणा विकत घ्यावा असे त्याच्या मनात होते. तो मिळाला नाही, तेव्हा त्याच्या निम्म्याने एक करवून घेतला आणि त्यावर बेधडक 'जगातील सर्वांत मोठा' अशी पाटी लावली. 1907 साली उद्यान जळाले, तर दुसऱ्या दिवशी जळके अवशेष पाहण्यास दहा सेंट आकारले!

दुसरे लूना पार्क, 1903 सालचे. अडीच लाख विजेच्या दिव्यांनी ते उजळत असे. ज्यांच्या घरी अजून वीज नव्हती अशा लोकांना ते स्वर्गासारखे वाटले असल्यास नवल नाही. पण उघडण्यापूर्वीच, जानेवारी महिन्यात, तेथे टॉप्सी नावाच्या हत्तिणीला लोकांसमक्ष विजेचा धक्का देऊन मारले, आणि एडिसनच्या कंपनीने त्याचा चित्रपट घेतला. 1904 साली तेथे दिल्लीचा दरबार भरला. लॉर्ड कर्झन ह्यांनी जानेवारी 1903 मध्ये दिल्लीत जो दरबार भरविला होता, त्याची नक्कल हत्ती आणि माणसे आणून रोज तिकिटावर दाखवीत. पुढच्या वर्षी फिलिपिन्समधील इगोरोत लोकांचे खेडे मांडले. त्यांना आणणाऱ्याने त्यांची मजुरीही बुडविली आणि त्यासाठी त्याला तुरुंगात जावे लागले. हे ऐकून एक काकू म्हणाल्या, "म्हणजे आपण बघायला आलो, आणि आपल्यालाच बघत होते!" ह्याहून नेमके मलाही सांगता आले नसते.

तिसरे ड्रीमलँड, 1904 सालचे. येथे एक खेळ असा की, चाळीसारखी इमारत पेटवावयाची, वरच्या मजल्यावरून बायका जाळ्यांत उड्या घेणार, बंब येणार, आणि लोक टाळ्या वाजविणार. 25 मार्च 1911 रोजी मॅनहॅटनमध्ये ट्रँगल नावाच्या शिवणकामाच्या कारखान्याला खरी आग लागली. एक दार कुलपात होते आणि बंबाच्या शिड्या वरच्या मजल्यांपर्यंत पोहोचत नव्हत्या. 146 माणसे गेली, त्यांत बहुतेक तरुण मुली. रविवारी कोनी आयलंडला येणाऱ्या त्याच ह्या मुली. दोन महिन्यांनी, 27 मे च्या पहाटे, ड्रीमलँडही जळाले. दुरुस्तीच्या वेळी दिवे गेले आणि डांबराची बादली कलंडली, एवढे निमित्त झाले. ते उद्यान पुन्हा उभे राहिले नाही.

ह्या आगीत एक जागा अशी होती की जिची सर्वांना काळजी पडली. ती म्हणजे अपुऱ्या दिवसांच्या बाळांची. हो, जत्रेत बाळे होती! मार्टिन कुनी नावाच्या गृहस्थाने 1903 पासून 1943 पर्यंत येथे काचेच्या उबदार पेट्या मांडल्या आणि पंचवीस सेंट घेऊन लोकांना आत सोडले. इस्पितळांत अशा बाळांची सोय क्वचितच असे. बहुतेक डॉक्टर त्यांची आशाच सोडीत. कुनीने आईबापांकडून एक पैसा घेतला नाही. परिचारिका, दूध पाजणाऱ्या दाया, सर्वांचा खर्च तिकिटांतून. त्याची परिचारिका आपली अंगठी बोटातून काढून बाळाच्या मनगटावर चढवून दाखवी, इतकी ती बाळे लहान. आगीच्या रात्री सर्व बाळे सुखरूप बाहेर काढली. त्याची स्वतःची मुलगी अशीच अपुऱ्या दिवसांची झाली, पेटीत वाढली आणि पुढे त्याच्याच हाताखाली परिचारिका झाली. सुमारे आठ हजार बाळांपैकी साडेसहा हजार वाचविली असा त्याचा हिशेब होता. तो खराखुरा पदवीधर डॉक्टर होता की नाही ह्याविषयी अभ्यासकांना शंका आहे, आणि बाळांचे प्रदर्शन मांडणे अनेकांना अशोभनीय वाटे. मी मात्र त्याच्या बाजूची आहे. शहरातील इस्पितळाने अपुऱ्या दिवसांच्या बाळांसाठी विभाग उघडला तेव्हा, 1943 साली, त्याने आपले दुकान आपण होऊन बंद केले. ह्या ठिकाणी आमच्या भगिनी हमखास थांबतात. कोणाची बहीण, कोणाचा नातू, आठवणी निघतात आणि अर्धा तास जातो.

पुढचा इतिहास उतरणीचा. लूना पार्क 1944 साली जळाले. 1938 पासून किनाऱ्याचा कारभार रॉबर्ट मोझेस ह्या बड्या अधिकाऱ्याकडे होता आणि त्याला जत्रेचा तिटकारा. स्टीपलचेस 1964 साली बंद झाले. जमीन फ्रेड ट्रम्प ह्या घरबांधणीवाल्याने घेतली (ज्यांचा मुलगा पुढे अध्यक्ष झाला तेच). सप्टेंबर 1966 मध्ये त्यांनी मेजवानी भरविली आणि जुन्या मंडपाच्या काचांवर विटा फेकण्यास पाहुण्यांना बोलाविले. तेथे उंच घरे बांधण्याची परवानगी मात्र मिळाली नाही. जागा कित्येक वर्षे ओस पडली. 2001 साली तेथे बेसबॉलचे मैदान झाले.

तरीही काही उभे आहे. 1920 चा वंडर व्हील हा पाळणा, 150 फूट उंच, 24 डब्यांचा. त्यांतले 16 डबे रुळांवरून पुढेमागे सरकतात, तेव्हा नव्या पाहुण्यांनी स्थिर डब्यात बसावे असा माझा सल्ला असतो. 1927 चा सायक्लोन हा लाकडी मार्गाचा घसरता झोका आहे. लूना पार्क हे नाव घेऊन 2010 साली नवे उद्यान उघडले. 1916 पासून चालत आलेले नेथनचे दुकानही आहे. त्याने पाच सेंटांत सॉसेज-पाव विकून दहा सेंटवाल्या शेजाऱ्याला मागे टाकले होते. शाकाहारी मंडळींची सोय तेथे तळलेल्या बटाट्यावर होते.

आणि स्टेशन. डी, एफ, एन, क्यू ह्या चारही गाड्या येथेच येऊन थांबतात. 2005 साली नव्याने बांधलेल्या छपरावर सौरविजेच्या पट्ट्या आहेत. उन्हाळ्यातल्या रविवारी आम्ही एका बाजूला उभ्या राहून गर्दी उतरताना पाहतो. छत्र्या, डबे, रडणारी पोरे, आजीचा हात धरलेली नातवंडे, दहा-वीस भाषा. सर्व जण रस्ता ओलांडून सरळ पाण्याकडे जातात.