‘किमान मोटार’ आणि एका तारखेचा दावा

एखादी कल्पना प्रथम कोणाला सुचली, हा प्रश्न वाङ्मयेतिहासाच्या अभ्यासकांना नवा नाही. हस्तलिखितावरची तारीख, मुद्रणाचे वर्ष आणि लेखकाने उत्तरायुष्यात सांगितलेली आठवण या तिन्हींचा मेळ नेहमीच बसतो असे नाही. असाच एक वाद फ्रान्समध्ये झालेल्या मोटारीच्या आराखड्यांच्या एका स्पर्धेभोवती निर्माण झाला. त्यातला दावेदार ल कॉर्ब्युझिए हा वास्तुकार होता तसाच जागरूक लेखकही होता. स्वतःच्या कृतींचा इतिहास तो स्वतःच लिहीत असे. म्हणून हे प्रकरण साहित्याच्या अभ्यासकांनीही पाहण्याजोगे आहे, असे आम्हांला वाटते.

प्रथम त्या काळाकडे पाहू. जागतिक मंदीने फ्रान्समधला मोटारधंदा खिळखिळा केला होता. १९३४च्या अखेरीस सित्रोएन कंपनीचे दिवाळे निघाले आणि ती मिशेलिनच्या ताब्यात गेली. त्याच वर्षी जर्मनीत फर्डिनांड पोर्श यांच्याकडे ‘लोकांच्या मोटारी’चे काम सोपवण्यात आले. मोटार ही श्रीमंतांची चैन राहावी की सामान्य माणसाचे साधन व्हावे, हा प्रश्न त्यामुळे केवळ तांत्रिक राहिला नव्हता. अशा वेळी फ्रान्समधील मोटार-अभियंत्यांच्या संस्थेने लहान आणि स्वस्त मोटारीच्या आराखड्यांची स्पर्धा जाहीर केली. ल कॉर्ब्युझिए आणि त्याचा चुलतभाऊ व सहकारी पिएर जानरे यांनी १९३६मध्ये या स्पर्धेसाठी आपला आराखडा सिद्ध केला. त्याचे नाव ‘व्हात्युर मिनिमम’, म्हणजे ‘किमान मोटार’.

वास्तुकाराने मोटारीच्या वाटेला जाणे ही लहर नव्हती. १९२३च्या ‘व्हेर ज्युन आर्शितेक्त्युर’ या पुस्तकात ल कॉर्ब्युझिएने पार्थेनॉन आणि डलाज मोटार यांची छायाचित्रे समोरासमोर छापली होती. प्रमाणित नमुना ठरला की तो पिढ्यान्‌पिढ्या घासूनपुसून पूर्णत्वाला नेता येतो, हा त्याचा सिद्धान्त होता. आपल्या एका घराच्या नमुन्याला त्याने ‘सित्रोआँ’ हे नाव दिले, तेही सित्रोएनवर श्लेष साधून. १९२५च्या पॅरिसच्या पुनर्रचनेच्या आराखड्याला त्याने मोटारनिर्माता व्ह्वाझँ याचे नाव दिले. ‘किमान’ या शब्दालाही इतिहास आहे. आधुनिक वास्तुकारांची आंतरराष्ट्रीय परिषद १९२८मध्ये स्थापन झाली. तिच्या १९२९च्या फ्रांकफुर्ट येथील अधिवेशनाचा विषयच किमान निवास हा होता. माणसाला जगण्यासाठी निदान किती जागा, किती उजेड, किती हवा लागते? हाच प्रश्न या आराखड्यात घरातून रस्त्यावर आला. इंजिन मागे, पुढे तिघांना शेजारीशेजारी बसता येईल अशी रुंद बैठक, आणि मागच्या बाजूला गोलाईने उतरणारे छप्पर: एका अर्थी ती चाकांवरची खोलीच होती.

या आराखड्याला पारितोषिक मिळाले नाही आणि मोटारही प्रत्यक्षात आली नाही. पुढे जर्मन ‘बीटल’ जगभर पसरली. १९४८च्या पॅरिस प्रदर्शनात सित्रोएनची ‘दोन घोड्यां’ची मोटार, दशव्हो, लोकांसमोर आली आणि फ्रेंच खेड्यापाड्यांतून रुजली. ल कॉर्ब्युझिएचा दावा मात्र असा की, त्याचा आराखडा मुळात १९२८चा आहे. हे वर्ष खरे मानले, तर या दोन्ही लोकप्रिय मोटारींच्या आधीचा मान त्याच्याकडे जातो. स्पॅनिश वास्तुकार आंतोनिओ अमादो यांनी या मोटारीवर लिहिलेला सविस्तर ग्रंथ २०११मध्ये इंग्रजीत प्रसिद्ध झाला. कागदपत्रांच्या छाननीतून त्यांना या दाव्याला आधार सापडला नाही. आराखडा स्पर्धेच्याच काळातला ठरतो.

याच्या शेजारी दुसरे एक उदाहरण ठेवावे. बेला बारेन्यी हा व्हिएन्नातला विद्यार्थी. १९२५मध्ये, वयाच्या अठराव्या वर्षी, त्याने लोकांच्या मोटारीचा एक आराखडा काढला होता. ‘बीटल’च्या मूळ कल्पनेचे श्रेय पुढे पोर्श यांनाच दिले जाऊ लागले, तेव्हा त्याने न्यायालयात दाद मागितली आणि १९५०च्या दशकात त्याचा हक्क मान्य झाला. कीर्ती पोर्श यांच्या पदरात होती, पुरावा बारेन्यीच्या. आठवण आणि दस्तऐवज यांतला हा फरक इतिहासाच्या कोणत्याही विद्यार्थ्याने गाठीशी बांधावा असा आहे.

तरीही ल कॉर्ब्युझिएला केवळ खोटा ठरवून थांबणे आम्हांला पुरेसे वाटत नाही. तारीख आठ वर्षे मागे नेली की नेमके काय हरवते, हे पाहायला हवे. १९२८ची मोटार ही एकट्या द्रष्ट्याचे भाकीत ठरते, तर १९३६ची मोटार एका सामाईक प्रश्नाला दिलेले उत्तर. त्याच वर्षी फ्रान्समध्ये कामगारांना भरपगारी रजेचा हक्क कायद्याने मिळाला. सामान्य माणूस प्रवासाला निघण्याच्या बेतात होता. स्पर्धेने तोच माणूस अनेकांच्या कागदासमोर उभा केला होता. दावेदाराने तारीख हलवली आणि स्पर्धक, संस्था, मंदी, रजेवर निघालेला कामगार हे सारे चित्राबाहेर गेले. काळाला दिलेले चांगले उत्तर हे काळाच्या पुढे असण्यापेक्षा कमी मोलाचे आहे, अशी समजूत या खटाटोपामागे दिसते. साहित्याच्या इतिहासातही आद्यतेचा मान शोधताना आपण हीच समजूत जोपासत असतो.

आणि चित्रात धूसर होत गेलेले आणखी एक नाव पिएर जानरे यांचे. आराखडा दोघांचा, पण ओळखला जातो तो बहुधा एकाच्या नावाने. हे जानरे १९५१ साली चंदीगढला आले आणि १९६५पर्यंत तिथे राबले. तिथल्या सरकारी घरांच्या आणि कचेऱ्यांमधल्या साध्या लाकडी खुर्च्यांच्या रचनेत त्यांचा हात होता. आपण कोणाच्या आधी होतो, हे सिद्ध करण्याचा उद्योग त्यांनी केल्याचे दिसत नाही. किमान साधनांत माणसाची सोय पाहण्याचे काम मात्र त्यांनी चालूच ठेवले.